लेसरने वायू मोजताना संवेदनशीलता कशी वाढवावी: आधी फ्रिंज, मग बाकी सगळं

लेसर स्पेक्ट्रोस्कोपीची मांडणी जुळली, वायूची शोषणरेषा दिसली, पण मोजता येणारी पातळी हवी तितकी खाली येत नाही. अशा वेळी बहुतेकांच्या मनात दोनच उपाय येतात: प्रकाशाचा मार्ग लांब करायचा, नाहीतर जास्त ताकदीचा लेसर आणायचा. दुसरा उपाय शोषण पद्धतीत क्वचितच कामी येतो. पहिला चांगला आहे, पण बरेचदा वेळेआधी केला जातो. प्रकाश कमी पडल्यामुळे संवेदनशीलता अडली आहे, असं सहसा नसतं. बेसलाइन, म्हणजे वायू नसतानाचा सिग्नल, सपाट नसते आणि ती जागेवर राहत नाही, तिथे घोडं अडतं. तिच्यावरच्या लाटा (बहुधा फ्रिंज, म्हणजे परावर्तित प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या लाटा) वायूच्या रेषेसारख्याच दिसतात आणि सरासरी घेऊन जात नाहीत. या लेखातला कामांचा क्रम त्यावरूनच ठरवला आहे.

हिशेबाला आधार म्हणून एकच मांडणी धरू: १६५३.७ नॅनोमीटरचा डीएफबी (एकाच तरंगलांबीचा) डायोड लेसर, फायबर, कॉलिमेटर (प्रकाश समांतर करणारी लेन्स), १ मीटर लांबीची सेल (वायू भरायची नळी), इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा फोटोडायोड आणि मिथेन. वातावरणीय दाबाला १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) मिथेन १ मीटर मार्गात या तरंगलांबीचा साधारण लाखात ४ भाग प्रकाश शोषतं. हा आकडा पाठच असू द्या. बेसलाइन हजारात १ भागाने हलत असेल तर तुम्हाला २५ पीपीएमच्या खालचं काही खात्रीने दिसणार नाही. ती लाखात १ वर आणली की पाव पीपीएम दिसतं, आणि दहा लाखांत १ वर आणली की २५ पीपीबी (अब्जात २५ भाग).

आधी मोजा: अडलंय कुठे?

काहीही बदलण्याआधी तीन नोंदी घ्या, तिन्ही एकाच सेटिंगवर आणि एकाच सरासरी-वेळेने.

पहिली नोंद लेसरचा प्रकाश अडवून. ही निव्वळ इलेक्ट्रॉनिक्सची.

दुसरी नोंद सेल बाजूला ठेवून, कॉलिमेटरमधून थेट डिटेक्टरवर प्रकाश पाडून. हिच्यात लेसरचा स्वतःचा नॉईज आणि डिटेक्टर एवढंच येतं.

तिसरी नोंद सेलसह पूर्ण मार्गाची, सेलमध्ये शुद्ध नायट्रोजन भरून.

पहिली आणि तिसरी सारखीच आली तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा ग्राउंडिंगमध्ये शोधा. दुसरी वाईट असेल तर लेसरचा करंट ड्रायव्हर, तापमान नियंत्रण किंवा लेसरमध्ये परत शिरणारा प्रकाश यांच्यावर संशय घ्या. पहिल्या दोन स्वच्छ आणि तिसरीत लाटा असतील, तर त्या फ्रिंज आहेत. बहुतेक वेळा हेच निघतं. खात्रीसाठी सेलच्या खिडकीच्या माउंटवर बोट हलकेच टेकवा किंवा जवळ हात धरून ऊब द्या. लाटा सरकल्या तर फ्रिंज, जागच्या हलल्या नाहीत तर लेसरच्या तीव्रतेतला बदल किंवा इलेक्ट्रॉनिक्स.

आता सैद्धांतिक तळ किती खोल आहे तेही पाहून घ्या. डिटेक्टरमध्ये १०० मायक्रोअँपिअर करंट वाहत असेल तर शॉट नॉईज (प्रकाशकण अनियमित येत असल्याने टाळता न येणारा नॉईज) १ हर्ट्झ बँडविड्थमध्ये ५.७ पिकोअँपिअर येतो, म्हणजे सिग्नलच्या दहा कोटीत ५.७ भाग. मिथेनच्या भाषेत १ मीटरला जेमतेम दीड पीपीबी. एवढ्या करंटला डिटेक्टरवर साधारण ०.१ मिलिवॉट प्रकाश पुरतो आणि नेहमीचा डीएफबी लेसर १० मिलिवॉटच्या आसपास देतो. प्रकाश भरपूर आहे. तुमची मांडणी या तळापासून शंभर किंवा हजारपट वर अडकली असेल, तर दुप्पट ताकदीच्या लेसरने काहीही हाती लागणार नाही, कारण प्रकाशाबरोबर फ्रिंजही तेवढ्याच पटीत वाढतात.

फ्रिंज: खरं काम इथेच आहे

दोन पृष्ठभागांमध्ये थोडासा प्रकाश पुढे-मागे परावर्तित होऊन मूळ किरणात मिसळला की व्यतिकरण होतं, आणि लेसरची तरंगलांबी सरकवताना तीव्रता लाटांसारखी वरखाली होते. या लाटा इतक्या त्रासदायक का, ते एका हिशेबातून स्पष्ट होतं. व्यतिकरणात बेरीज तीव्रतेची होत नाही, विद्युतक्षेत्राची होते. मूळ किरणाच्या दहा कोटीत १ भाग एवढाच भटका प्रकाश डिटेक्टरवर पोहोचला, तरी लाटेची उंची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा हजारांत ४ भाग येते. म्हणजे १ मीटरला १० पीपीएम मिथेन! खिडकीवरचा धुळीचा कणही एवढा प्रकाश सहज विखुरतो.

परावर्तनरोधक लेपावर विसंबून राहू नका. ०.२५ टक्के परावर्तनाचे दोन उत्तम लेपित पृष्ठभाग एकमेकांना समांतर असतील तर लाट टोकापासून टोकापर्यंत १ टक्का येते, म्हणजे २५० पीपीएम-मीटर (१ मीटर मार्गात २५० पीपीएम). लेप हवाच, पण समांतरपणा मोडणं त्याहून महत्त्वाचं.

लाट कुठल्या पृष्ठभागांतून येते ते ओळखता येतं. नायट्रोजन भरून लेसर शक्य तितक्या रुंद पट्ट्यात सरकवा, निदान ३० गिगाहर्ट्झ. वारंवारतेचा अक्ष एटॅलॉनने (ठरलेल्या अंतरावर शिखरं देणाऱ्या समांतर काचेने) कॅलिब्रेट करा आणि बेसलाइनचा फूरियर ट्रान्सफॉर्म घ्या. प्रत्येक शिखरामागे एक जोडी असते. लागोपाठच्या दोन लाटांमधलं अंतर गिगाहर्ट्झमध्ये काढा आणि १५० ला त्याने भागा. त्या दोन पृष्ठभागांमधलं हवेतलं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. मध्ये काच असेल तर उत्तराला आणखी १.४४ ने भागा. लाटांचं अंतर ६ गिगाहर्ट्झ निघालं तर २५ मिलिमीटर हवा, आणि टेबलावर पट्टी लावली की बहुधा कॉलिमेटरची लेन्स आणि सेलची पहिली खिडकी सापडते. सुमारे ३५ गिगाहर्ट्झ निघालं तर ३ मिलिमीटर जाडीची खिडकी स्वतःच दोषी. ०.१ गिगाहर्ट्झच्या दाट लाटा म्हणजे साधारण एक मीटर फायबरच्या दोन टोकांमधलं परावर्तन.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा.

१. फायबरचे सगळे जोड ८ अंश तिरके घासलेले, म्हणजे एपीसी, असू द्या. एपीसी आणि सपाट कनेक्टर एकमेकांत कधीही जोडू नका; प्रकाशही वाया जातो आणि टोकंही खराब होतात. प्रत्येक जोडणीआधी टोक तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. लेसरच्या पॅकेजमध्ये आयसोलेटर (परतणारा प्रकाश अडवणारा भाग) नसेल तर बाहेरून लावा.

२. सेलच्या दोन्ही खिडक्या पाचरीच्या आकाराच्या घ्या, पाचरीचा कोन निदान अर्धा अंश. शिवाय त्या किरणाला काही अंश तिरक्या बसवा. परतणारा डाग कागदावर पाहून तो कॉलिमेटरच्या तोंडापासून दूर पडतोय याची खात्री करा. प्रकाश अदृश्य असल्याने त्यासाठी इन्फ्रारेड कार्ड लागेल. ध्रुवण स्थिर असेल तर खिडकी ब्रूस्टर कोनात (ज्या कोनात योग्य ध्रुवणाचं परावर्तन जवळजवळ होतच नाही) बसवणं आणखी चांगलं. फ्यूज्ड सिलिकासाठी तो कोन सुमारे ५५ अंश येतो.

३. फोटोडायोडच्या डबीवरची सपाट काच हमखास दुर्लक्षिली जाते. चिप आणि काच यांच्यात एक-दोन मिलिमीटर अंतर असतं आणि दोन्ही समांतर. पाचरीची किंवा तिरकी काच असलेला डायोड मागवा, किंवा बिनकाचेचा घ्या. संपूर्ण डायोडही १० अंशांच्या आसपास तिरका बसवा. प्रकाश गोळा करायला लेन्सऐवजी अक्षाबाहेरचा पॅराबोलिक आरसा वापरलात तर दोन पृष्ठभाग कमी होतात.

४. किरण कुठेही कडेला घासू देऊ नका. छिद्राच्या, आरशाच्या किंवा माउंटच्या कडेवर किरणाचा झिरमिरीत बाहेरचा भाग आदळला की विखुरलेला प्रकाश सगळीकडे जातो. छिद्राचा व्यास किरणाच्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवा.

५. एवढं करूनही उरलेल्या फ्रिंज तरंगलांबी मॉड्युलेशनने दाबता येतात, ते पुढे येतंच. एखादा आरसा पिझोवर (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणाऱ्या स्फटिकावर) बसवून हलवण्याचाही उपाय आहे. पिझोला त्रिकोणी लाट द्या आणि आरशाची हालचाल अर्ध्या तरंगलांबीच्या, इथे ०.८३ मायक्रोमीटरच्या, पूर्ण पटीत ठेवा, म्हणजे फ्रिंज सरासरीत पुसली जाते. हलवण्याची वारंवारता लेसरच्या स्कॅनशी पटीत जुळू देऊ नका, नाहीतर प्रत्येक स्कॅनमध्ये फ्रिंज त्याच जागी येईल आणि पुसली जाणार नाही.

फ्रिंज स्थिर असती तर वजा करून प्रश्न मिटला असता. ती हलते तापमानामुळे. ॲल्युमिनियमच्या चौकटीत ५० मिलिमीटर अंतरावर दोन पृष्ठभाग असले तर १ अंश सेल्सिअसला ते अंतर १.१५ मायक्रोमीटर वाढतं, आणि ०.८३ मायक्रोमीटरला एक संपूर्ण फ्रिंज सरकते. खोलीचं तापमान एका अंशाने बदललं की लाट जवळजवळ दीड आवर्तन पुढे जाते, म्हणजे सकाळी घेतलेली बेसलाइन दुपारी वजा केलीत तर चूक कमी होण्याऐवजी दुप्पट होऊ शकते. सगळी प्रकाशीय मांडणी बंद पेटीत ठेवा, पेटीचं तापमान दशांश अंशात धरा, आणि पंख्याचा किंवा एसीचा झोत तिच्यावर येऊ देऊ नका.

मॉड्युलेशन आणि 'टू-एफ'

लेसरचा करंट हळूहळू चढवत रेषेवरून जायचं आणि त्याच वेळी त्यावर जलद साइन लाट चढवायची. डिटेक्टरचा सिग्नल लॉक-इन ॲम्प्लिफायरने त्या लाटेच्या दुप्पट वारंवारतेला वाचायचा; हाच टू-एफ सिग्नल. फायदा असा की मोजणी कमी वारंवारतेच्या नॉईजपासून दूर जाते आणि बेसलाइनचा सरळ चढ आपोआप गळतो. सिग्नलची उंची मात्र शोषणाच्या जास्तीत जास्त ३४ टक्के मिळते. हा सौदा कमी शोषणात फायद्याचा आहे. शोषण टक्क्याच्या वर असेल तर सरळ शोषणच मोजा. ते सोपं आहे आणि त्याला कॅलिब्रेशन कमी लागतं.

सुरुवातीला स्कॅन ११ हर्ट्झ, साइन १० किलोहर्ट्झ, लॉक-इन २० किलोहर्ट्झवर ठेवा. स्कॅन १० हर्ट्झ का नको? मेन्सचे, म्हणजे वीजपुरवठ्याचे, ५० हर्ट्झ १० ने नेमके भागले जातात, त्यामुळे मेन्सचा गुणगुणाट प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच ठिकाणी बसतो आणि सरासरीने जात नाही. ११ ला तो दर वेळी सरकत राहतो. मेन्स ६० हर्ट्झची असेल तिथेही ११ चालतं.

लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट जास्त ठेवून नॉईज कमी झाल्याचा आनंद घेऊ नका. ११ हर्ट्झच्या स्कॅनमध्ये रेषेच्या वाट्याला साधारण २० मिलिसेकंद येतात, त्यामुळे टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंदापेक्षा मोठा घेतलात तर रेषा बुटकी होते आणि एका बाजूला ओढली जाते. नॉईज कमी करायचा तो पुष्कळ स्कॅनची सरासरी घेऊन.

मॉड्युलेशनची खोली सगळ्यात महत्त्वाची. रेषेच्या अर्ध्या उंचीवरच्या अर्ध्या रुंदीच्या २.२ पट वारंवारता-विस्तार (मध्यापासून एका टोकापर्यंतचा) दिला की टू-एफचं शिखर सर्वांत उंच मिळतं. वातावरणीय दाबाला मिथेनच्या या रेषेची अर्धी रुंदी सुमारे २ गिगाहर्ट्झ, म्हणून विस्तार ४.४ गिगाहर्ट्झ. करंटमागे लेसर किती सरकतो ते त्याच १० किलोहर्ट्झला मोजा. डेटाशीटमधला आकडा संथ बदलाचा असतो, आणि सरकणं मुख्यतः चिप तापण्यावर अवलंबून असल्याने वारंवारता वाढली की ते घटतं. एटॅलॉन हाताशी नसेल तर सेलमध्ये भरपूर मिथेन-मिश्रण भरून मॉड्युलेशन हळूहळू वाढवा आणि शिखराची उंची टिपत जा. उंची सपाट होऊन उतरू लागली की त्या वळणावर थांबा.

इथे फ्रिंजसाठी एक सुंदर सोय आहे. साइन आकाराच्या फ्रिंजचा टू-एफ सिग्नल दुसऱ्या क्रमाच्या बेसेल फंक्शननुसार बदलतो, आणि मॉड्युलेशनचा विस्तार फ्रिंज-अंतराच्या ०.८२ पट असला की तो शून्य होतो. ४.४ गिगाहर्ट्झ विस्ताराला हे ५.४ गिगाहर्ट्झच्या फ्रिंजसाठी घडतं, म्हणजे दोन पृष्ठभागांमध्ये २८ मिलिमीटर हवा असताना. उलट ९ गिगाहर्ट्झची फ्रिंज सर्वांत जोरात दिसते. ती १७ मिलिमीटर हवेतून किंवा साडेअकरा मिलिमीटर काचेतून येते. त्यामुळे मांडणी आखतानाच कोणतेही दोन पृष्ठभाग १७ मिलिमीटरच्या आसपास येऊ देऊ नका. एखादी जोडी टाळता येतच नसेल तर तिला २८ वर न्या किंवा पुष्कळ दूर न्या. मॉड्युलेशन थोडं कमी-जास्त करून एखादी हट्टी फ्रिंज गायब करता येते, आणि शिखर वळणाजवळ सपाट असल्याने सिग्नल फारसा घटत नाही.

लॉक-इनची फेज लावताना सिग्नल जास्तीत जास्त होईपर्यंत फिरवत बसू नका, माथ्याजवळ तो फारच संथ बदलतो. तो शून्य होईल अशी फेज शोधा आणि तिथून ९० अंश फिरवा. शेवटी टू-एफला त्याच वेळच्या वन-एफने (मूळ वारंवारतेला वाचलेल्या सिग्नलने) भागा. वन-एफ प्रकाशाच्या ताकदीबरोबर बदलतो, त्यामुळे खिडकी मळणं, जोड ढिला होणं किंवा किरण किंचित हलणं याचा परिणाम भागाकारात निघून जातो. फ्रिंज मात्र यानेही जात नाहीत.

लेसर जागेवर राहावा म्हणून ५ ते १० टक्के प्रकाश वेगळा काढून मिथेन भरलेल्या छोट्या सीलबंद सेलमधून दुसऱ्या डिटेक्टरवर न्या. तिथल्या थ्री-एफ (तिप्पट वारंवारतेला वाचलेल्या) सिग्नलचा रेषेच्या मध्यावरचा शून्यबिंदू धरून लेसरचं तापमान किंवा करंट दुरुस्त करत राहा. डीएफबी लेसर १ अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर, इथे ११ गिगाहर्ट्झ, सरकतो. तापमान मिलिअंशात धरलं तरच सरकणं ११ मेगाहर्ट्झच्या आत राहतं.

रेषा आणि दाब

रेषेची निवड हा खरं तर खरेदीच्या आधीचा विषय. हायट्रान डेटाबेसमधून रेषांची ताकद आणि रुंदी घेऊन, तुमच्या वायूबरोबर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड धरून वर्णपट काढून बघा. जवळच्या इन्फ्रारेडमध्ये पाण्यासाठी १३९२ नॅनोमीटर, अमोनियासाठी १५१२, हायड्रोजन फ्लोराइडसाठी १२७८, ऑक्सिजनसाठी ७६० आणि कार्बन डायऑक्साइडसाठी २००४ हे रुळलेले पत्ते आहेत. मध्य इन्फ्रारेडमध्ये रेषा फार ताकदवान असतात, मिथेनची ३.३ मायक्रोमीटरजवळची रेषा १६५३.७ पेक्षा साधारण शंभरपट. पण तिथले डिटेक्टर जास्त गोंगाटी, फायबर महाग आणि लेसरही महाग. जवळच्या इन्फ्रारेडमधली बेसलाइन नीट साफ केल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही, कारण फ्रिंज तिथेही पाठ सोडत नाहीत.

दाब कमी करणं हा स्वस्त आणि गुणकारी उपाय. मिश्रणाचं प्रमाण तेच ठेवून दाब उतरवला की रेणू कमी होतात, पण रेषाही तेवढीच अरुंद होते, म्हणून शिखराची उंची बराच काळ टिकते. ही सूट डॉपलर रुंदी (रेणूंच्या हालचालीमुळे रेषेला येणारी रुंदी) येईपर्यंतच. खोलीच्या तापमानाला मिथेनची या तरंगलांबीवरची डॉपलर रुंदी सुमारे ५६० मेगाहर्ट्झ आहे, आणि दाबामुळे येणारी रुंदी १५० मिलिबारच्या आसपास तिच्याइतकी होते. म्हणून १०० ते २०० मिलिबार हा सोयीचा पट्टा. याच्या खाली गेलात तर उंचीच घटत जाते. अरुंद रेषेला मॉड्युलेशन कमी लागतं, शेजारच्या वायूंच्या रेषा सुट्या होतात आणि रुंद फ्रिंजपासून रेषा वेगळी ओळखता येते. १६५३.७ ला मिथेनच्या एकापेक्षा जास्त रेषा अगदी लगटून आहेत. वातावरणीय दाबाला त्या एक होऊन दिसतात, खूप कमी दाबाला आकार बदलतो. म्हणून दाब बदललात की मॉड्युलेशनची खोली पुन्हा शोधा आणि कॅलिब्रेशनही पुन्हा करा.

कमी दाबाची सेल बाहेरची हवा आत ओढते, आणि बाहेरच्या हवेत १.९ पीपीएमच्या वर मिथेन असतंच. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून दाब अर्धा तास पाहा. वाढत असेल तर गळती मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता मार्ग लांब करा

बेसलाइन आटोक्यात आली की बहुफेरी सेलची (जिच्यात प्रकाश आरशांमध्ये अनेक फेऱ्या मारतो) वेळ आली. व्हाइट सेल १९४२ पासून आणि हेरियट सेल १९६४ पासून माहीत आहे. लहान सेन्सरसाठी हेरियट जास्त स्थिर, कारण दोन्ही आरसे थोडे हलले तरी बाहेर पडणारा किरण फारसा ढळत नाही.

फेऱ्या किती कराव्यात हे आरशावर ठरतं. नॉईज डिटेक्टरचा असेल तर सर्वोत्तम फेऱ्या म्हणजे १ भागिले प्रत्येक परावर्तनातलं नुकसान: ९८ टक्क्यांच्या आरशाला ५०, ९९ टक्क्यांच्या आरशाला १००. त्यापुढे मार्ग वाढतो त्याहून जास्त प्रकाश मरतो. प्रत्यक्षात त्याच्या खूप आधीच आरशावरचे डाग एकमेकांवर चढू लागतात आणि एका फेरीचा प्रकाश दुसरीत मिसळून नव्या फ्रिंज तयार होतात. ३० पट मार्ग केला आणि फ्रिंज दहापट झाल्या, तर पदरात पडतं तिप्पट. म्हणून डाग सुटे दिसतील एवढ्याच फेऱ्या ठेवा. जुळवणी लाल दिसणाऱ्या लेसरने करा, डाग मोजा, आणि प्रवेशछिद्राच्या शेजारचे डाग त्याच्या कडेला शिवत नाहीत हे मुद्दाम पाहा.

सेलचं आकारमान वेळ खातं. अर्ध्या लिटरच्या सेलमधून मिनिटाला १ लिटर वायू, हा प्रवाह वातावरणीय दाबाला मोजलेला, सोडला तर आतला वायू बदलण्याचा टाइम कॉन्स्टंट वातावरणीय दाबाला ३० सेकंद येतो आणि १५० मिलिबारला साडेचार सेकंद. पूर्ण बदलायला त्याच्या पाचपट धरा.

सेलबाहेरचा मार्गही शोषतो. १० सेंटिमीटर खोलीची हवा म्हणजे ०.१९ पीपीएम-मीटर मिथेन. १ मीटरच्या सेलला ते थेट ०.१९ पीपीएमची चूक देतं. ती जागा नायट्रोजनने भरून ठेवा. पाण्याची वाफ मोजत असाल तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही.

डिटेक्टर आणि डिजिटायझर

इथे थोडक्यात. ट्रान्सइम्पिडन्स रोधावर (डिटेक्टरचा करंट व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या रोधावर) ५० मिलिव्होल्टपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज पडत असेल तर रोधाचा उष्मीय नॉईज शॉट नॉईजखाली दबतो. १० किलोओहम आणि १०० मायक्रोअँपिअरला १ व्होल्ट मिळतो. रोधाचा नॉईज १.३ पिकोअँपिअर, शॉटचा ५.७. पुरेसं आहे. बँडविड्थ १०० किलोहर्ट्झच्या वर ठेवा, नाहीतर २० किलोहर्ट्झला फेज सरकेल. १६ बिटचा डिजिटायझर ६५,५३६ पायऱ्या देतो, म्हणून सिग्नल पूर्ण आवाक्यात भरा. स्कॅन, साइन आणि डिजिटायझर एकाच क्लॉकवर चालवा. करंट ड्रायव्हरच्या मॉड्युलेशन इनपुटला लांब, उघडी केबल लावू नका. तिच्यावर आलेला नॉईज सरळ लेसरच्या तरंगलांबीत उतरतो. ग्राउंड एकाच बिंदूवर जोडा.

सरासरी, फिट आणि शून्य

सरासरी किती वेळ घ्यावी हे ॲलन विचलन (लागोपाठच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती ढळतात याचं माप) सांगतं. ही पद्धत १९६६ पासून घड्याळांसाठी वापरात आहे आणि पुढे लेसर स्पेक्ट्रोमीटरसाठीही रूढ झाली. शून्य-वायू (मिथेन नसलेला वायू) सोडून दर सेकंदाला एक वाचन असं दोन तास नोंदवा. ॲलन विचलन वेळेच्या वर्गमुळाने उतरत असेल तोपर्यंत सरासरी फायद्याची: १०० सेकंदांत दहापट. आलेख तळ गाठून वर वळला की तिथून पुढे फ्रिंजचं सरकणं राज्य करतं. तळ ४० सेकंदांना असेल तर १० मिनिटांच्या सरासरीने वाचन बिघडेल, सुधारणार नाही. शून्य-वायूची दुरुस्ती तळाच्या वेळेच्या आतच घ्यावी लागते. ती जमणार नसेल तर पेटीचं तापमान सुधारून तळच लांब ढकला.

शून्य घेताना दाब मोजणीइतकाच ठेवा. दाब बदलला की वायूचा अपवर्तनांक बदलतो, खिडक्या किंचित वाकतात आणि फ्रिंज सरकतात. मग वजाबाकीतून नवीच लाट उगवते.

फक्त शिखराची उंची वाचू नका. त्याच मांडणीत, त्याच दाबाला १५-२० पीपीएमचा स्वच्छ वर्णपट घ्या आणि प्रत्येक मोजणी त्याच्या पटीत अधिक एक स्थिरांक अधिक एक सरळ चढ अशी फिट करा. बेसलाइनसाठी पाचव्या-सहाव्या घाताची बहुपदी घालण्याचा मोह होतो. ती रेषेचाच काही भाग गिळते आणि वाचन गुपचूप कमी येतं. फिटनंतर उरलेला भाग नेहमी पडद्यावर असू द्या. त्यात लाट दिसली तर सॉफ्टवेअर सोडून पुन्हा खिडक्यांकडे वळा.

अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड यांसारखे चिकट वायू मोजताना अडथळा प्रकाशात नसून नळीत असतो. रेणू भिंतींना चिकटतात आणि तासभर सुटत राहतात. पीएफए (टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकची) नळी, कमीत कमी लांबी, जास्त प्रवाह आणि गरम ठेवलेला मार्ग हेच त्यावरचे उपाय.

एवढ्यावर भागलं नाही तर

कॅव्हिटी रिंग-डाउन, १९८८ पासून प्रचलित, प्रकाशाची तीव्रता न मोजता तो दोन आरशांमध्ये किती वेळात विझतो हे मोजते, म्हणून लेसरच्या ताकदीतला चढउतार तिला शिवत नाही. ९९.९९ टक्क्यांचे आरसे अर्ध्या मीटरवर असतील तर विझण्याचा काळ १६.७ मायक्रोसेकंद आणि परिणामी मार्ग ५ किलोमीटर. आरशांवर धूळ किंवा ओल आली की हा काळ लगेच घसरतो, त्यामुळे नमुना गाळूनच आत सोडावा लागतो. फोटोअकूस्टिक पद्धतीत, विशेषतः २००२ पासूनच्या क्वार्ट्झ ट्युनिंग फोर्कच्या प्रकारात, ३२,७६८ हर्ट्झला कंपणारा फोर्क वायू तापल्याने उठणारा ध्वनी ऐकतो. इथे सिग्नल लेसरच्या ताकदीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जास्त मिलिवॉटचा खर्च इथे मात्र वसूल होतो.

दावा करण्याआधीची चाचणी

प्रमाणित मिश्रण मास फ्लो कंट्रोलरने पातळ करून २, ०.५, १, ०, ०.२ आणि पुन्हा ० पीपीएम असं उलटसुलट क्रमाने द्या. चढत्या क्रमाने दिलंत तर नळीत मागे राहिलेला वायू लपून जातो. मिश्रण ५ टक्क्यांच्या बरंच खाली ठेवा, कारण हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असताना स्फोटक असतं. शून्य-वायूतलं तीन सिग्मा विचलन मर्यादा म्हणून द्या, आणि त्याच वाक्यात सरासरीचा वेळ, मार्गाची लांबी आणि दाब लिहा. शून्यच्या बाटलीतल्या नायट्रोजनमध्येही थोडं मिथेन असू शकतं. पीपीबीत उतरायचं असेल तर शून्य-हवा तापवलेल्या ऑक्सिडेशन उत्प्रेरकातून घ्या, आणि बाटली व उत्प्रेरक या दोन्ही शून्यांची वाचनं एकमेकांशी ताडून पाहा. दोन्हींत फरक आला तर आधी तो शोधा. त्याआधी मर्यादेचा आकडा कुठेही लिहू नका.